दाढेतला किडा आणि पिएर फोशार

कळवणच्या आठवडे बाजारात माझ्या लहानपणी एक माणूस बसायचा. कांद्याच्या आणि मिरच्यांच्या ढिगांपलीकडे, जिथे बाजार संपतो आणि सायकलींची गर्दी सुरू होते, तिथे त्याचे गोणपाट अंथरलेले असे. पुढ्यात निखाऱ्यांची छोटी शेगडी, एक पोकळ नळी, पाण्याची वाटी आणि कागदाच्या पुडीत भुईरिंगणीच्या वाळलेल्या बिया. गाल धरून कोणी आले की तो त्याला समोर जमिनीवर बसवी, चिमूटभर बिया निखाऱ्यावर टाकी आणि नळीतून तो धूर दुखऱ्या दाढेपर्यंत पोचवी. मग पाण्याची वाटी पुढे करी. वाटीत तांदळाच्या कणीसारखे बारीक, पांढरे, वाकडे काहीतरी तरंगत असे. दाढेतले किडे निघाले, असे तो सांगे आणि भोवतीची मंडळी माना डोलवत.

माझ्या आजीच्या दाढेतून त्याने एका दुपारी सात किडे काढले. मी स्वतः मोजले होते. आजी समाधानाने घरी आली, रात्री भाकरी खाल्ली, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे तीच दाढ पुन्हा ठणकू लागली. पुढे ती दाढ गेली, शेजारची गेली, आणि मला आठवते तेव्हापासून आजीच्या तोंडात दोन-चारच दात उरले होते. म्हाताऱ्या माणसांना दात नसतातच, अशी माझी त्या वयात पक्की समजूत होती. केस पिकावेत तसे दात पडावेत, त्यात दुःख करण्यासारखे काय?

पुढे मी दंतवैद्य झालो आणि कळवणलाच दवाखाना थाटला. दंत महाविद्यालयात पहिल्या वर्षी विषयाच्या इतिहासाचा एक छोटासा धडा असे. परीक्षेत त्याला फारसे गुण नसत, म्हणून बहुतेक जण तो वगळत. मी मात्र त्या धड्यात अडकलो. कारण त्यात मला आमच्या बाजारातला तो माणूस भेटला, आणि त्याला खोटे ठरवणाराही भेटला. हा दुसरा माणूस अडीचशे वर्षांहून अधिक काळापूर्वी पॅरिसमध्ये वारला होता. त्याचे नाव पिएर फोशार. आधुनिक दंतवैद्यकाचा जनक म्हणून जगभरच्या दंत महाविद्यालयांत त्याचे नाव घेतले जाते. दंतवैद्यांच्या जगाबाहेर मात्र त्याला फारसे कोणी ओळखत नाही. आज त्याचीच गोष्ट सांगायची आहे.

फोशारचा जन्म १६७८ च्या सुमारास फ्रान्सच्या पश्चिम भागात झाला. घर साधेच. पंधराव्या वर्षी तो राजाच्या आरमारात दाखल झाला. आपल्याकडे या वयाची मुले दहावीची तयारी करतात. जहाजावर त्याला गुरू लाभला तो अलेक्झांद्र पोतेलेरे नावाचा शल्यवैद्य. या पोतेलेरेला तोंडाच्या आजारांची विशेष जाण होती आणि जहाजावर अशा रोग्यांना तोटा नव्हता. महिनोन् महिने समुद्रावर खारवलेले मांस आणि सुकी बिस्किटे खाऊन खलाशांच्या हिरड्या सुजत, काळ्यानिळ्या पडत, रक्त वाहू लागे आणि धडधाकट तरुणांचे दात हलून गळून पडत. हा स्कर्व्ही. ताजी फळे, भाजीपाला यांतले क जीवनसत्त्व न मिळाल्याने तो होतो, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. लिंबू-संत्र्यांनी खलाशी बरे होतात, हे जेम्स लिंड या ब्रिटिश वैद्याने १७४७ मध्ये करून दाखवले. जीवनसत्त्वाचा शोध तर विसाव्या शतकातला. पण दात हा एकटा सुटा दगड नाही, त्याला धरणारी हिरडी बिघडली तर निरोगी दातही जातो, हा धडा पोरसवदा फोशारने जहाजावरच घेतला.

हा धडा आजही आमच्याकडे अनेकांना नव्याने द्यावा लागतो. हिरडीतून रक्त येते म्हणून दात घासणेच बंद केलेली माणसे मला दर आठवड्याला भेटतात. आज आपल्याकडे हिरडीतून येणारे रक्त बहुतेक वेळा स्कर्व्हीचे नसते. दात आणि हिरडी यांच्या कडेला जीवाणूंचा चिकट थर साचतो, तो कडक होऊन त्याचे किटण बनते आणि हिरडी सुजते. अशा वेळी घासणे थांबवले की थर वाढतो, हिरडी आणखी सुजते आणि काही वर्षांत दातांखालचे हाडच झिजू लागते. आपण याला पायोरिया म्हणतो. फोशारने या रोगाचे इतके नेमके वर्णन करून ठेवले होते, की काही काळ त्याला त्याच्याच नावाने ओळखत. दातांवरचे किटण खरवडून काढण्यासाठी त्याने बारीक हत्यारे वापरली. आज आपण दात साफ करून घेतो ते तेच काम. यंत्र बदलले एवढेच. किटण काढल्याने दात हलू लागतात ही समजूत चुकीची आहे. दात आधीच सैल झालेले असतात, किटणाने ते लपवलेले असते. मधुमेह असलेल्यांनी तर हिरड्यांकडे दुप्पट लक्ष द्यावे, कारण साखर आणि हिरड्या एकमेकींना बिघडवतात. गरोदरपणातही हिरड्या लवकर सुजतात. त्या काळात दात घासणे टाळू नये.

तीनेक वर्षांनी फोशार आरमार सोडून आंजे या गावी स्थिरावला. तेव्हाच्या युरोपात दातांचे काम कोणाचे होते, हे पाहण्यासारखे आहे. विद्यापीठात शिकलेले वैद्य तोंडात हात घालणे कमीपणाचे मानत. शल्यवैद्यांना त्यात रस नव्हता. उरले न्हावी आणि जत्रेतले दात उपटणारे. पॅरिसच्या पाँ-नफ या पुलावर थोरला थोमा नावाचा एक धिप्पाड माणूस भपकेबाज पोशाख करून दात उपटत असे आणि ते पाहायला गर्दी लोटे. अशा तमाशांत ढोल-तुताऱ्या वाजवण्याचीही चाल होती. रोग्याच्या किंकाळ्या पुढच्या गिऱ्हाइकाला ऐकू जाऊ नयेत हा त्यातला एक हेतू! दात दुखला की उपटायचा, यापलीकडे उपचार आहे हेच लोकांना माहीत नव्हते. १६९९ मध्ये फ्रान्समध्ये दातांचे काम करू इच्छिणाऱ्यांनी परीक्षा द्यावी असा नियम झाला. काळ बदलू लागला होता. फोशारने स्वतःला दंतशल्यवैद्य म्हणवून घ्यायला सुरुवात केली. दातांचे काम ही स्वतंत्र, अभ्यासाची विद्या आहे, असा दावा त्या एका शब्दात होता.

आंजेमध्ये आणि आसपासच्या गावांत त्याने वीसेक वर्षे काम केले आणि १७१८ च्या सुमारास तो पॅरिसला आला. तोवर त्याच्याजवळ अनुभवाचे मोठे गाठोडे जमले होते. त्या काळची रीत अशी, की ज्याला जे जमले ते त्याने गुपित ठेवायचे आणि मरताना फार तर मुलाला सांगायचे. आपल्याकडच्या जडीबुटीवाल्यांचीही हीच रीत. फोशारने ती मोडली. हत्यारे कशी बनवायची, कशी धरायची, कुठे काय चुकते, हे सगळे त्याने लिहून काढले. १७२३ पर्यंत हस्तलिखित तयार झाले. मग पाच वर्षे त्याने ते नामवंत वैद्य-शल्यवैद्यांना वाचायला दिले, त्यांची मते घेतली, दुरुस्त्या केल्या आणि १७२८ मध्ये दोन खंडांत ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात हत्यारांची आणि दातांची बेचाळीस चित्रपत्रे होती. पाचच वर्षांत त्याचा जर्मन अनुवाद निघाला आणि १७४६ मध्ये सुधारून वाढवलेली दुसरी आवृत्ती आली. इंग्रजीत यायला मात्र त्याला १९४६ साल उजाडावे लागले. तो अनुवाद लिलियन लिंडसे यांनी केला. ब्रिटनमध्ये दंतवैद्यकाची पदवी मिळवणारी पहिली स्त्री ती हीच.

आता आपल्या किड्याकडे वळू. दात पोखरणारा किडा ही कल्पना जगाइतकी जुनी आहे. बाबिलोनच्या मातीच्या विटेवर त्याची कथा कोरलेली सापडते. आपल्या सुश्रुतसंहितेत दातांच्या रोगांमध्ये कृमिदंतक आहे. मराठीत तर आपण अजूनही दाताला कीड लागली असेच म्हणतो. युरोपातही दातांतले किडे काढणारे होते आणि गंमत म्हणजे त्यांचीही युक्ती तीच होती! ते खुरासानी ओव्याच्या जातीच्या बिया निखाऱ्यावर टाकून धूर देत. खुरासानी ओवा काय किंवा आपली भुईरिंगणी काय, दोन्ही वांग्याच्या कुळातल्या वनस्पती. उष्णतेने बी फुटते आणि आतला वळलेला पांढरा अंकुर बाहेर पडतो. तो पाण्यात पडला की हुबेहूब अळी दिसते. माझ्या आजीच्या दाढेतून निघालेले सात किडे म्हणजे भुईरिंगणीच्या सात बिया होत्या. धुराने आणि उष्णतेने ठणका काही वेळ बोथट होत असेल. म्हणून विश्वास बसे. कीड काढणारा लबाड असेलच असे नाही. कदाचित त्याला स्वतःलाही ते किडेच वाटत असतील.

फोशारने हा प्रश्न साध्या रीतीने सोडवला. त्याने किडलेले दात तपासले. किडा आहे असे मोठमोठी माणसे म्हणत होती, पण त्याला तो दिसला नाही. आणि दिसला नाही असे त्याने छापून टाकले. मग दात किडतो कशाने? त्याने बोट ठेवले ते साखरेवर. तेव्हा फ्रेंच वसाहतींमधली उसाची साखर युरोपात येऊ लागली होती आणि श्रीमंतांच्या ताटांत मिठाया वाढत होत्या. गोडाचा अतिरेक दातांचा नाश करतो, असे त्याने स्पष्ट बजावले.

त्याचा हा अंदाज किती अचूक होता, हे कळायला आणखी दीडशे वर्षे गेली. हॉलंडच्या लेवेनहूकने १६८३ मध्येच दातांवरचा थर भिंगाखाली पाहून त्यात वळवळणारे सूक्ष्म जीव दिसल्याचे लिहिले होते, पण त्यांचा किडीशी संबंध कोणी जोडला नव्हता. बर्लिनमध्ये काम करणाऱ्या विलोबी मिलर या अमेरिकन दंतवैद्याने १८९० मध्ये तो जोडून दाखवला. तोंडातले जीवाणू आपण खाल्लेली साखर आणि पिष्टान्न आंबवतात, त्यातून आम्ल तयार होते आणि ते आम्ल दाताचे कठीण कवच विरघळवते. म्हणजे दाढेत जिवंत काहीतरी असते हे बाजारातले म्हणणे अगदीच निराधार नव्हते. फक्त ते वाटीत तरंगताना दिसण्याइतके मोठे नव्हते, धुराने पळणारे नव्हते, आणि आपण घास भरवल्याखेरीज दात पोखरू शकणारे नव्हते.

यातली खरी गोम मी रोग्यांना पुन्हा पुन्हा सांगतो. गोड किती खाल्ले यापेक्षा ते कितीदा खाल्ले हे अधिक महत्त्वाचे. प्रत्येक गोड घोटानंतर साधारण अर्धा तास तोंडात आम्लाचा अंमल असतो. मग लाळ हळूहळू ते शमवते आणि दाताची झीज भरून काढू लागते. जेवणाबरोबर एक लाडू खाल्ला तर लाळेला उसंत मिळते. पण दिवसातून सहा वेळा चहा, त्यात बुडवलेले बिस्किट, मधूनच गोळी-चॉकलेट आणि मुलाला झोपताना साखरेच्या दुधाची बाटली, असे चालले की लाळेला भरपाई करायला वेळच उरत नाही. गूळ नैसर्गिक म्हणून दातांना चालतो, असेही पुष्कळांना वाटते. दातावरच्या जीवाणूंना गूळ आणि साखर सारखीच.

फोशारचे उपचार वाचताना पदोपदी आश्चर्य वाटते. किडलेला भाग खरवडून काढायचा आणि पोकळीत कथील, शिसे किंवा सोन्याचा वर्ख दाबून भरायचा, हे तो करत होता. शिसे आज कोणी वापरणार नाही, पण तत्त्व तेच आहे. दाताच्या आत पू साठून ठणका लागला तर दात उघडून त्याला वाट करून द्यायची, हेही त्याने लिहिले आहे. आजच्या रूट कॅनालची ती सुरुवात म्हणता येईल. आज आपण दाताच्या आतली सडलेली नस पूर्ण काढतो, मुळांच्या नळ्या स्वच्छ करून बंद करतो आणि वर टोपी बसवतो. भूल दिलेली असल्याने दुखत नाही. फोशारच्या वेळी भूल नव्हती. ठणक्यावर तो लवंगेचे आणि दालचिनीचे तेल लावी, जे आपल्या प्रत्येक घरात ठाऊक आहे. लवंगेने ठणका दबतो, रोग जात नाही, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे झाले. डोकेदुखीची गोळी मात्र दाढेजवळ दाबून ठेवू नये. तिने हिरडी भाजते.

वाकडे दात सरळ करण्यासाठी त्याने धातूची पट्टी दातांना दोऱ्याने बांधली. शाळेतल्या मुली आज तारा लावतात त्यांची ही पणजी! हस्तिदंती कवळ्यांना त्याने स्प्रिंगा बसवल्या. मार लागून निखळलेला दात पुन्हा जागेवर बसवून तो रुजतो, असेही त्याने नोंदवले. हे शेवटचे ज्ञान घरोघरी पोचायला हवे. मूल सायकलवरून पडले आणि पक्का दात मुळासकट निघाला तर तो फेकू नये. मुळाला हात न लावता वरच्या बाजूने धरावा, माती असेल तर क्षणभर पाण्याने धुवावा, जमल्यास जागेवर बसवावा, नाहीतर थंड दुधात ठेवून तासाभराच्या आत दंतवैद्याकडे पोचावे. दुधाचा दात मात्र असा बसवायचा नसतो.

फोशारची मला सर्वांत आवडणारी सूचना खुर्चीची आहे. त्या काळी रोग्याला जमिनीवर बसवून, त्याचे डोके गुडघ्यांत धरून दात काढत. आमच्या बाजारातला माणूसही जमिनीवरच बसवायचा. फोशारने हे अमानुष आणि गैरसोयीचे ठरवले. रोगी हात असलेल्या चांगल्या खुर्चीत बसावा, त्याचे डोके टेकलेले असावे, तोंडात उजेड पडावा आणि वैद्याने उभे राहून काम करावे, असे त्याने सांगितले. गोष्ट छोटी, पण तिच्यात रोग्याचा मान होता. दात दुखणारा माणूस हा तमाशातला बकरा नाही, हे त्याने खुर्ची देऊन सांगितले.

तो देवमाणूस होता असे मात्र नाही. दातदुखीवर त्याने स्वतःच्या ताज्या मूत्राने चूळ भरण्याचा सल्ला दिला होता. तेव्हाच्या वैद्यकात तो विचित्र मानला जात नसे. आज त्याला काहीही आधार नाही. घोड्याच्या केसांच्या ब्रशावर त्याचा विश्वास नव्हता. स्पंज आणि कोमट पाणी त्याला बरे वाटे. एकाचा दात काढून दुसऱ्याच्या हिरडीत बसवण्याचे प्रयोगही त्याने केले. अशा व्यवहारात त्या काळी दात देणारा बहुधा गरीब आणि घेणारा श्रीमंत असे. मोठ्या माणसाच्या चरित्रातली ही पाने झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

पॅरिसमध्ये त्याला कीर्ती आणि पैसा दोन्ही मिळाले. १७३४ मध्ये त्याने ग्राँ-मेनिल नावाची एक गढी विकत घेतली. त्याचा मुलगा आधी वकील आणि मग नट झाला. पुढे ग्राँमेनिल याच नावाने फ्रान्सच्या रंगभूमीवर त्याने मोलिएरच्या कंजूष म्हाताऱ्याच्या भूमिकेत नाव कमावले. बापाने लोकांचे दात राखले आणि मुलाने ते हसताना पाहिले! मार्च १७६१ मध्ये, वयाच्या ब्याऐंशी-त्र्याऐंशीव्या वर्षी, फोशार पॅरिसमध्ये वारला.

त्याची विद्या आपल्याकडे पोचायला बराच वेळ लागला. डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्त्याला देशातले पहिले दंत महाविद्यालय सुरू केले. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ चे. दंतवैद्यांचा कायदा १९४८ चा. आता नाशिकलाही पंचवटीत दंत महाविद्यालय आहे. माझ्या आजीच्या उमेदीत मात्र कळवणपासून दंतवैद्य पॅरिसइतकाच दूर होता. तिने बाजारातल्या माणसाकडे जायचे नाही तर जायचे कुठे?

म्हणून मी तिला हसत नाही. शिवाय मला हसण्याचा अधिकारही नाही. दवाखाना उघडला त्या पहिल्याच वर्षी दळवटच्या बाजूच्या एका पाड्यावरून एक बाप आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आला. खालची मोठी दाढ किडली होती. ती सहाव्या वर्षी येणारी पहिली पक्की दाढ. दुधाच्या दातांमागे ती गुपचूप उगवते, कोणताही दात न पाडता येते, म्हणून आईबापांना ती दुधाचीच वाटते. मी त्याला सांगितले की ही पक्की आहे, वाचवता येईल, दोन-तीन खेपा लागतील. त्याच्या डोळ्यांपुढे बुडणारी मजुरी आणि बसचे भाडे होते. संध्याकाळची एसटी निघायची होती. पडून पुन्हा येईल, काढून टाका, असा त्याचा धोशा होता. माझ्याकडे गर्दी होती. मी दाढ काढली. मुलगी रडलीसुद्धा नाही. बापाने मनापासून आभार मानले.

ती दाढ पुन्हा येणार नव्हती. खेपा कमी करता आल्या असत्या, पैसे सोडता आले असते, निदान त्या दिवशी तात्पुरते भरून पाठवता आले असते. नऊ वर्षांच्या मुलीचा साठ-सत्तर वर्षांचा घास मी एका एसटीच्या वेळापत्रकासाठी घालवला. पदवी भिंतीवर लावलेली असताना मी त्या दिवशी पाँ-नफच्या पुलावरचा थोमा झालो होतो. फोशारने सगळा ग्रंथ ज्या एका गोष्टीसाठी लिहिला, ती म्हणजे दात काढणे सोपे असते, राखणे हे वैद्याचे काम असते. ती परीक्षेपुरती वाचून मी विसरलो होतो.

तेव्हापासून खुर्चीशेजारी मी एक हात-आरसा ठेवतो. प्रत्येक रोग्याला आधी त्याचे तोंड त्याला दाखवतो. ही पांढरट झालेली जागा म्हणजे किडीची सुरुवात, इथे अजून भोकही पडलेले नाही, नीट घासले आणि गोड आवरले तर इथेच थांबू शकते. हा काळा खड्डा भरून भागेल. या दाताची नस गेली आहे, रूट कॅनाल करावे लागेल. दुखणे सुरू होण्याआधी आलात तर खर्चही कमी आणि खेपाही कमी. जबडा किंवा गळा सुजला, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर मात्र वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे. दातातला पू जिवावरही बेतू शकतो.

एक गोष्ट फोशारने पाहिली नसावी, ती आमच्याकडे रोज दिसते. मशेरी. तंबाखू भाजून केलेली काळी पूड बोटाने दातांना लावून बसलेल्या आयाबाया. दात साफ होतात, ठणका थांबतो असे सांगून सासूने सुनेला दिलेली ही सवय असते. मशेरीने दात साफ होत नाहीत. ती तंबाखूच आहे, तिची तलफ लागते, हिरड्या झिजतात आणि तोंडाचा कर्करोग होऊ शकतो. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, पण मशेरी आणि तंबाखू घराघरांत आहेच. तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, तोंड कमी उघडू लागले, तर लगेच दाखवावे. लवकर सापडलेला कर्करोग बरा होऊ शकतो.

बाकी रोजचे पथ्य अवघड नाही. सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी, दोन-दोन मिनिटे, मऊ ब्रशाने आणि फ्लोराइडच्या पेस्टने दात घासावे. दोन्हींतले एकच जमत असेल तर रात्रीचे सोडू नये, कारण झोपेत लाळ कमी होते आणि जीवाणूंना मोकळे रान मिळते. पेस्ट मोठ्यांनी वाटाण्याएवढी, तीन वर्षांखालच्या मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी पुरते. सात-आठ वर्षांपर्यंत मुलांचे दात आईबापांनी घासून द्यावेत. जोर लावून आडवे खसाखसा घासू नये, दात झिजतात. कडुनिंबाची, करंजाची काडी सुश्रुतानेही सांगितली आहे आणि ती वाईट नाही. पण ती दातांच्या फटींत आणि आतल्या बाजूला नीट पोचत नाही, शिवाय तिच्यात फ्लोराइड नसते. कोळसा, वीट, राख, मीठ यांनी घासणे सोडावे. जेवणानंतर खळखळून चूळ भरण्याची आपली जुनी चाल मात्र उत्तम आहे, ती मोडू नये.

आजही सप्तशृंगीच्या गडावरून उतरलेला एखादा यात्रेकरू किंवा अभोण्या-कनाशीकडचा शेतकरी गाल धरून येतो आणि विचारतो, की इथे कीड काढतात का? मी हो म्हणतो. त्याला खुर्चीत बसवतो, डोके नीट टेकले का ते पाहतो, दिवा त्याच्या तोंडावर वळवतो आणि त्याच्या हातात आरसा देतो. आजीला अशी खुर्ची मिळाली असती तर ती शेवटपर्यंत ऊस सोलून खाऊ शकली असती, असे तेव्हा हमखास मनात येऊन जाते. मग मी समोरच्या माणसाला तोंड उघडायला सांगतो आणि कामाला लागतो.